राजीखुशीने, अक्कलहुशारीने

बुधवारी बंब तापत असे. ग्रेफिन आमालिए फॉन हार्टेनरोडे यांच्या घरात गरम पाणी आठवड्यातून दोनदाच मिळे, बुधवारी आणि शनिवारी; आणि बुधवारची साडेसहा ते सात ही वेळ भाडेकरू म्हणून सुलेखा आगाशेच्या वाट्याला आली होती. १९५७ च्या मार्चमधल्या त्या बुधवारी ती सहा वाजून दहा मिनिटांनी उठली. खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेली दुधाची बाटली तिने आत घेतली. साय गोठून बाटलीच्या तोंडाबाहेर बोटाच्या पेराएवढी वर आली होती. ती चमच्याने कापून पातेल्यात टाकली, गॅसच्या शेगडीवर चहाचे आधण ठेवले, शाल लपेटून घेतली आणि भिंतीकडे कान देऊन ती उभी राहिली. सहा अठ्ठावीसला भिंतीवर काठीचे दोन ठोके पडले. दोन ठोके म्हणजे न्हाणीघर मोकळे आहे. सुलेखाने एक ठोका परत दिला. एक ठोका म्हणजे समजले. अडीच वर्षांत या व्यवहारात कधी चूक झाली नव्हती.

सातच्या सुमारास ती न्हाऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा ग्रेफिन ओव्हरकोट घालूनच टेबलाशी बसल्या होत्या. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. नवरा पहिल्या महायुद्धात गेला, मुलगा दुसऱ्यात बेपत्ता झाला, हार्ट्‌सच्या डोंगरातला गढीवजा वाडा सरहद्दीपलीकडे रशियनांच्या ताब्यात राहिला. हॅनोव्हरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या या तीन खोल्या, एक पत्र्याची पेटी आणि ‘ग्रेफिन’ हे सरदारघराण्यातले संबोधन एवढेच त्यांच्याकडे उरले होते. पाव त्या पातळ कापत; इतका पातळ की तो उजेडाकडे धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यावा.

“उद्या चौदा तारीख, फ्रॉइलाइन आगाशे,” त्या म्हणाल्या.

“लक्षात आहे, ग्रेफिन. आज संध्याकाळी सहाला बसू या. टाइपरायटरची फीत मी नवी आणली आहे.”

“निळी नाही ना? मागच्या वर्षी तुम्ही निळी आणलीत. लंडनला निळ्या शाईत निषेध पाठवायचा म्हणजे वाढदिवसाचं आमंत्रण पाठवल्यासारखं वाटतं.”

“काळी आहे.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ग्रेफिन समाधानाने म्हणाल्या आणि पावावर मीठ भुरभुरू लागल्या.

दर वर्षी चौदा मार्चला ग्रेफिन लंडनला एक रजिस्टर्ड पत्र पाठवत. इंग्लंडच्या सिंहासनावर आपल्या पणजीचा, आणि म्हणून आपला, हक्क आहे आणि तो आपण सोडलेला नाही, एवढेच त्यात असे. दर वर्षी जून महिन्यात कुणा सचिवाचे उत्तर येई: पत्र पोचले. ग्रेफिन ते उत्तर पत्र्याच्या पेटीत ठेवत. अशी सेहेचाळीस उत्तरे साठली होती. दोन्ही महायुद्धांतल्या वर्षांची मात्र नव्हती. सुलेखा राहायला आली तेव्हा, तिचे इंग्रजी ग्रेफिनच्या इंग्रजीपेक्षा बरे म्हणून, हे पत्र टाइप करण्याचे काम तिच्याकडे आले. पहिल्याच वर्षी खटका उडाला होता. मसुद्यात राणीच्या बिरुदांच्या रांगेत ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ असेही होते. सुलेखाने हात कीजवरून उचलून मांडीवर ठेवले आणि सांगितले की एवढे दोन शब्द ती टाइप करणार नाही. हवे तर खोली सोडते. ग्रेफिननी पेन्सिल घेऊन ते शब्द स्वतः खोडले. “बरोबर आहे. ते तर त्यांचंही नव्हतं,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघींचे बरे जमले.

पावणेआठला पोस्टमनने घंटा वाजवली. मिरजेहून एक जाड पाकीट होते आणि सुतळीने बांधलेले, लाखेचे ठिपके दिलेले एक चपटे पार्सल. दादाचे अक्षर पाहून सुलेखा तिथेच, जिन्याच्या दारात, पाकीट फोडून वाचू लागली.

मिरजेचे डॉक्टर आगाशे, तिचे वडील, नोव्हेंबरात वारले होते. तार आली तेव्हा ती टेक्निकल हॉखशूलच्या, म्हणजे ती डॉक्टरेट करत होती त्या तंत्रविद्यापीठाच्या, प्रयोगशाळेत मातीचे नमुने वाळवत होती. परत जाण्याएवढी रजा नव्हती, तिकीट नव्हते. सुतक तिने याच खोलीत, एकटीने पाळले. डिसेंबरात दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, दिनकरने, दोन कोरे स्टँपपेपर पाठवले. वारसनोंदीसाठी लागतील, तळाशी सही करून पाठव, असे लिहिले होते. तिने वाचायलाही न थांबता सह्या केल्या. वाचायचे काय? कागद कोरेच होते. आणि पाठवणारा दादा होता.

आता दादाने लिहिले होते:

“चि. सुलेखास अनेक आशीर्वाद. तू पाठवलेल्या स्टँपपेपरांवर मजकूर टाइप करवून सब-रजिस्ट्रारकडे गेलो, तर त्याने अडवले. सही करणारी परदेशात, तेव्हा सही वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर झालेली हवी म्हणतो. नवा कागद सोबत आहे. बॉनला जाऊन सही-शिक्का करून परत धाडणे. मजकूर तोच आहे, आधीच्या कागदाची नक्कल जोडली आहे. घराला चांगले गिऱ्हाईक आले आहे, एप्रिलअखेर उरकायचे आहे. आई आमच्याकडे दादरला येईल. मुलींचा घरावर हक्क नसतो ही आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, तेव्हा हा केवळ कागदी उपचार. तुझा वाटा बाबांनी शिक्षणाच्या रूपाने तुला दिलेलाच आहे. रीतीप्रमाणे साडी-चोळी पाठवतो. आईने हौसेने निवडली आहे.”

त्याखाली, उरलेल्या दोन बोटे जागेत, आईचे वळणदार, शाळा चौथीत सुटलेले अक्षर होते: “साडी मी निवडलेली नाही. तब्येतीस जप.”

सुलेखाने नक्कल उलगडली. तिचे नाव होते, वडिलांचे नाव होते, घराच्या चतुःसीमा होत्या. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस दत्ताचे देऊळ. आणि शेवटी: सदर मिळकतीवरील माझा सर्व हक्क मी साडी-चोळी घेऊन माझे बंधू यांच्या लाभात कायमचा सोडला असून हे हक्कसोडपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाचेही दडपण नसता, लिहून दिले असे. लिहून देणार दोघी: श्रीमती सुधाबाई आगाशे आणि कुमारी सुलेखा आगाशे.

तिच्या नावापुढे कंसात टाइप केले होते: सही. म्हणजे ती सही, जी तिने कोऱ्या कागदावर केली होती. आणि आईचीही.

तिने पार्सल खोलीत नेऊन खाटेवर टाकले. ते न उघडता ती ट्राम पकडायला निघाली.

दुपारी विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, मेन्झामध्ये, भास्कर भेटला. भास्कर नाशिकचा, यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. बुधवारी दोघे एकत्र जेवत, कारण बुधवारी मांस नसे आणि वाटाण्याचे सूप असे.

“काय म्हणतात महाराणी सरकार?” ताट ठेवता ठेवता त्याने विचारले. “लंडनला स्वारी कधी निघतेय? मला पागेवर तरी नेमा म्हणावं.”

सुलेखाने दादाची नक्कल त्याच्यापुढे ठेवली आणि कोऱ्या कागदांचे सांगितले. त्याने सूप पीत पीत ती वाचली आणि घडी करून परत दिली.

“आल्झो, म्हणजे हक्कसोड आहे. मग? सगळ्या बहिणी करतात. माझ्या दोघींनी केली.”

“वाचून केली?”

“वाचायचं काय त्यात? दिवाळीला दोघींना पैठण्या घेतल्या. खूश होत्या अगदी.”

“त्यांनी सांगितलं तसं? खूश आहोत म्हणून?”

“हे बघ, बहिणींशी अशी उलटतपासणी करत नसतात.” भास्करला हसू आले; तिला आले नाही हे पाहून त्याने ते आवरले. “तू रागावलीयस. कोऱ्या कागदाचं मी समजू शकतो, ते दिनकररावांनी विचारून करायला हवं होतं. पण सही तर तू अशीही केलीच असतीस ना? तुला त्या घराचं करायचंय काय? उद्या डॉक्टरेट मिळेल, लग्न होईल, कुठल्या कुठे जाशील.”

“तुला नाशिकच्या घराचं काय करायचंय? तू तर इथे नोकरी शोधतोयस.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं, ते सांग ना.”

भास्करने चमचा खाली ठेवला. तो वाईट मुलगा नव्हता. परक्या देशात तिला पहिल्या हिवाळ्यात कोट मिळवून देणारा तोच होता. पण या प्रश्नाचे उत्तर शोधायची त्याला आजवर कधी गरज भासली नव्हती. “म्हातारीची हवा लागलीय तुला,” तो अखेर म्हणाला. “ती इंग्लंड मागतेय, तू मिरज.”

शेजारच्या टेबलावरची दोन पुणेरी मुले हसली. सुलेखाने नक्कल पिशवीत ठेवली. आजवर ग्रेफिनच्या पत्राची गोष्ट याच टेबलांवर ती स्वतः रंगवून सांगत आली होती आणि सगळ्यांबरोबर हसत आली होती, हे तिला आठवले. आणि भास्करचा आला होता तितकाच तिला स्वतःचाही राग आला.

संध्याकाळी सहाला ती ग्रेफिनच्या बैठकीच्या खोलीत टाइपरायटरपुढे बसली. फीत काळी होती. ग्रेफिन हातातल्या मसुद्यावरून जर्मनमध्ये वाचत आणि सुलेखा मनातल्या मनात भाषांतर करून इंग्रजीत टाइप करी. मजकूर तिला जवळजवळ पाठ होता. हॅनोव्हरच्या घराण्यातलेच राजे इंग्लंडवर राज्य करत असताना त्यांच्यातल्या एका राजपुत्राने इथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये विधिवत लग्न केले. त्याला एक मुलगी झाली. ती मुलगी म्हणजे ग्रेफिनची पणजी, शार्लोटे. आणि मग ते वाक्य आले, जे तिने दोन वर्षे काही न वाटता टाइप केले होते: ‘१४ मार्च १८२३ रोजी सदर शार्लोटे हिने आपला हक्क स्वेच्छेने व आनंदी अंतःकरणाने सोडला असे म्हटले जाते.’

यंत्र थांबले.

“शब्द अडला का?” ग्रेफिननी विचारले.

“नाही. ‘आनंदी अंतःकरणाने.’ हे मूळ कागदात आहे?”

ग्रेफिननी पत्र्याची पेटी उघडली आणि एका घडीच्या कागदावर बोट टेकवले. सही कोवळ्या हाताची, जपून काढलेली होती. “सतरा वर्षांची होती. सज्ञान नव्हती. आमच्या घराण्यांतून मुलीने लग्नाच्या वेळी सोडपत्र लिहून द्यायची रीतच होती. मीही दिलंय, वडिलांच्या वाड्याचं. पण हिचं लग्नही ठरलेलं नव्हतं. सकाळी दरबारातले दोघे आले, कागद घेऊन. बरोबर एक पांढरं तट्टू आणलं होतं. तिला घोड्यांचं वेड होतं. तिने सही केली आणि अंगणात पळाली. कागदात काय आहे, हे तिला नवव्या वर्षी कळलं.”

“नवव्या?”

“सहीनंतरच्या. तट्टू तोवर मेलं होतं.”

सुलेखाला हसू येईल असे वाटले होते. आले ते वेगळेच काही. तिने उठून खोलीतून पिशवी आणली आणि दादाची नक्कल ग्रेफिनपुढे ठेवली. मराठी त्यांना कळणार नव्हते, म्हणून तिने ओळीमागून ओळ जर्मनमध्ये सांगितली. कोऱ्या कागदाचे सांगितले. साडी-चोळीचे सांगितले. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ला तिने जे जर्मन शब्द वापरले ते ऐकून ग्रेफिननी मान वर केली.

“आणि तुमचे बंधू म्हणतात की मुलींना हक्कच नसतो?”

“तशी रीत आहे म्हणतात. पण गेल्या जूनमध्ये आमच्याकडे कायदा झाला. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या घरात मुलीचाही मुलाएवढा हिस्सा, आणि आईचाही.”

“पण बंधू म्हणतात, हक्क नसतो.”

“हो.”

“आणि तो सोडून द्या म्हणतात.”

“हो.”

ग्रेफिन खुर्चीत सरळ झाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. “लंडनवाले म्हणतात, राजाच्या संमतीवाचून झालेलं लग्न ते लग्नच नव्हे, म्हणून शार्लोटेला हक्कच नव्हता. इथला दरबार म्हणायचा, शार्लोटेने हक्क सोडला. शंभर-सव्वाशे वर्षं हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवताहेत. मी छप्पन्न वर्षं एकच विचारतेय, फ्रॉइलाइन. नसलेली वस्तू कोणी तट्टू देऊन सोडवून घेतं का?”

खाली रस्त्यावरून ट्राम गेली, काचा थरथरल्या.

“तुम्हाला खरंच ते सिंहासन हवंय?” सुलेखाने अडीच वर्षांत पहिल्यांदा विचारले.

“मला? मला या जिन्याच्या साठ पायऱ्या चढवत नाहीत.” ग्रेफिन फटकन म्हणाल्या. “मला काही नको. पण मी गप्प बसले तर तो कागद खरा ठरतो. ‘आनंदी अंतःकरणाने’ हे खरं ठरतं. ते मी होऊ देणार नाही, बस्स.”

पेटीचे झाकण त्यांनी लावले, पुन्हा उघडले.

“तुम्ही मला फार मोठी समजू नका,” त्या म्हणाल्या. “युद्धाच्या काळात आम्ही इथेच हॅनोव्हरमध्ये दुसऱ्या घरात राहत होतो. समोरच्या दारात रोझेनथाल म्हणून औषधवाल्याचं कुटुंब होतं. ज्यू. एक्केचाळीसच्या डिसेंबरात त्यांना नेलं. दुपारी, सगळ्यांच्या देखत. बाईंनी माझ्या दाराकडे पाहिलं. मी पडद्याआड होते. त्या वर्षी लंडनला पत्र जात नव्हतं म्हणून मी रागाने तीन पानं निषेध लिहून याच पेटीत ठेवला होता. एकशे अठरा वर्षांपूर्वीच्या एका सहीबद्दल. आणि समोरच्या दाराबद्दल एक ओळ नाही. कुणालाच नाही.” त्यांनी कोटाची कॉलर गळ्याशी ओढली. “गप्प बसणं हीसुद्धा सहीच असते. तीही राजीखुशीचीच धरतात. हे मला उशिरा कळलं.”

सांत्वन करावे असे हे नव्हतेच. सुलेखाने कागद नीट केला आणि वाक्य पुरे केले. पत्र पाऊण पानात संपले. ग्रेफिननी चष्मा पुसून पूर्ण नावाने सही केली.

“तुम्ही काय करणार, ते मी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “सल्लाही देत नाही. माझ्या सल्ल्याने आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. यंत्र हवं असेल तर घेऊन जा. फीत तुमचीच आहे.”

खोलीत येऊन सुलेखाने पार्सल सोडले. साडी इरकली होती, मोरपंखी, लाल काठांची. चांगली होती. तिला मोरपंखी रंग आवडत नाही, हे जगात एका आईलाच ठाऊक होते; दर दिवाळीला आई दुकानात म्हणे, “तो नको हो, माझी मुलगी नेसायची नाही.” सुलेखाने साडी आहे त्याच घड्यांवर परत घातली.

मग तिने ट्रंकेतून बाबांचे पत्र काढले, गेल्या जुलैमधले. बाबा पत्रात औषधांच्या चिठ्ठीसारखे लिहीत, तुटक आणि आकडे घालून. “एक, पाऊस चांगला. दोन, आईचा गुडघा तसाच. तीन, नवा वारसाकायदा वाचला असशील. मृत्युपत्र करायचे मनात होते, आता करत नाही. मला जे लिहायचे होते ते सरकारनेच लिहिले. तू आणि दिनू माझ्या घरात सारखे. आणि तुझी आईही.” तेव्हा तिने ते वाचून बाजूला ठेवले होते. बाप धडधाकट असताना अशा ओळी कोण दुसऱ्यांदा वाचते?

घर. खाली दवाखाना, वर तीन खोल्या, मागे पेरूचे झाड. तिला ते नको होते, हे भास्करने बरोबर ओळखले होते. दादाने सरळ विचारले असते, “सुले, घर विकावं म्हणतो, तुझं काय मत?” तर ती कदाचित हो म्हणाली असती, आणि सहीही केली असती, बॉनला स्वखर्चाने जाऊन. पण त्याने विचारले नाही. तिलाही नाही आणि आईलाही नाही. जिने तीस वर्षे त्या घरात वाट पाहणाऱ्या रोग्यांना पाणी दिले, ती आता दादरच्या दोन खोल्यांत पडद्यामागे अंथरूण घालणार होती, आणि कागद म्हणत होता की हे तिने राजीखुशीने लिहून दिले. शिवाय रीत! रीतीला मुलीच्या सहीची एवढी गरज का पडावी? दादाला कायदा ठाऊक होता. ठाऊक होता म्हणूनच कोरे कागद आले होते. राग तिला चढत गेला, पण आता तो जिन्यात उभे राहून वाचताना आला होता तसा नव्हता. त्याला बसायला जागा मिळाली होती.

तिने टाइपरायटर टेबलावर घेतला.

पहिले पत्र मिरजेच्या सब-रजिस्ट्रारना, इंग्रजीत. डिसेंबरमध्ये आपण ज्या स्टँपपेपरांवर सही केली ते त्या वेळी कोरे होते. त्यांवरील मजकुराला आपली संमती नव्हती आणि नाही. वडिलांच्या मिळकतीतील आपला हिस्सा आपण सोडलेला नाही. वडिलांच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. पाऊण पानात हेही संपले.

दुसरे दादाला, मराठीत, हाताने. तीनदा फाडले. पहिल्यात ‘फसवणूक’ असा शब्द चारदा आला होता. चौथ्यांदा तिने एवढेच लिहिले: “ती. दादास सा. न. वि. वि. मी बॉनला जाणार नाही. हिस्सा मागून घ्यायला मी भांडत येणार नाही, पण तो सोडलाही नाही. आई मिरजेला राहायचं म्हणेल तोवर घर विकायचं नाही. तिला दादरला यायचं असेल तर तिने मला स्वतः लिहावं, मग बोलू. हक्क नसतो म्हणतोस, तर सोडपत्र कशाला लागतं, तेवढं मला समजावून सांग. साडी परत पाठवते आहे, कारण ती ठेवून घेतली तर रीतीप्रमाणे व्यवहार पुरा होईल. मालिनीवहिनीला नेसायला दे. तिला रंग शोभेल. रागावू नकोस असं म्हणत नाही. मीही रागावलेय. तुझी सुले.”

तिसरे आईला, वेगळ्या पाकिटात, आईच्या नावाने, पोचपावतीसह. पोस्टमनने ते आईच्याच हातात द्यावे म्हणून. त्यात तिने दादाला काय लिहिले ते शब्दशः उतरवले, आणि खाली: “साडी तू निवडलेली नाहीस हे मला वाचताक्षणी कळलं. तुझं खरं मत तू कधीही लिही. तुझ्या सहीला पुन्हा कोणी आलं तर आधी वाचून दाखवायला सांग, आणि मग म्हण, सुलेखाला विचारते.”

साडेअकराला तिने दिवा मालवला.

गुरुवारी बंब नसतो, म्हणून ठोकेही नसतात. तरी सात वाजता सुलेखाने भिंतीवर दोनदा टकटक केले. थोड्या वेळाने पलीकडून काठीचा एक ठोका आला. समजले.

आठ वाजता दोघी खाली उतरल्या. ग्रेफिननी जाळीची काळी टोपी घातली होती, जी वर्षातून एकदाच निघे. साठ पायऱ्यांना त्यांना बारा मिनिटे लागली, आणि सुलेखाने हात पुढे केला तर त्यांनी तो न घेता कठडा धरला. पोस्टाच्या खिडकीत नेहमीचे टकले गृहस्थ होते.

“दरवर्षीप्रमाणे, फ्राऊ ग्रेफिन?”

“दरवर्षीप्रमाणे. रजिस्टर्ड, पोचपावतीसह.”

गृहस्थांनी लंडनच्या पाकिटावर शिक्का मारला. मग सुलेखाने आपली तीन पाकिटे आणि पार्सल पुढे सरकवले. सुतळी तीच होती, गाठ नवी. गृहस्थांनी पार्सलचा फॉर्म घेतला.

“आत काय आहे?”

“एक साडी. न वापरलेली.”

“भेटवस्तू?”

“नाही,” सुलेखा म्हणाली. “परत पाठवतेय.”

त्यांनी तसे लिहिले. शिक्के पडले, एकामागून एक. पावत्या तिने पैशांच्या पाकिटात घातल्या, पाकीट पिशवीत. ग्रेफिन बाजूला उभ्या राहून टोपीची जाळी नीट करत होत्या. त्यांनी पत्त्यांकडे पाहिले नाही.

बाहेर आल्यावर ट्राम समोरच उभी होती. “तुम्हाला उशीर होतोय,” ग्रेफिन म्हणाल्या. “जिना मी चढेन.”

सुलेखा प्रयोगशाळेत पोचली तेव्हा सव्वानऊ झाले होते. तिने कोट खुंटीला लावला, ॲप्रन चढवला, काल वाळत ठेवलेले मातीचे नमुने भट्टीतून काढले आणि पहिला नमुना तराजूत ठेवून आकडा वहीत लिहिला.